माझं मत, मुक्काम पोस्ट जामखेड

आधी एक कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल.

नोव्हेंबर २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात मी एक लेख लिहिला होता. विषय अर्थातच, तरुणाई आणि मतदान. विधानसभेची निवडणूक तोंडावर आली, की असा एक लेख कुठे ना कुठे लागतोच आणि तो आमच्यासारख्या फ्रीलान्सर मंडळींच्या वाट्याला येतो. मीही झकास लिहिला. चार कॉलेजवाल्या मुलामुलींशी बोलले, लोकशाहीवर दोन जड वाक्यं टाकली आणि शेवटी फोडणी दिली, 'सुट्टी एन्जॉय करा, पण आधी बोटाला शाई लावून या!' लेख छापून आला. फेसबुकवर शंभरेक लाइक पडले. एका मावशींनी तर 'शाब्बास बाळा' अशी कमेंटही टाकली.

आणि २० नोव्हेंबरला, म्हणजे ऐन मतदानाच्या दिवशी, ही शाब्बास बाळा कोथरूडच्या फ्लॅटवर पायजम्यात, लॅपटॉपसमोर बसून मॅगी खात होती. बोट कोरं करकरीत!

कारण? कारण माझं मत जामखेडला राहतं आणि मी पुण्यात.

एका मतानं काय होतंय?

तुमच्यातल्या निम्म्या जणांची स्टोरी हीच असणार, म्हणून जरा सविस्तर सांगते. अठरा पूर्ण झाली तेव्हा पप्पांनी हौसेनं माझं नाव मतदार यादीत घातलं. त्यानंतर दोनच महिन्यांत मी बॅग उचलून पुण्याला आले. आधी डिग्री, मग मास कॉम, मग एक नोकरी, मग ती नोकरी सोडणं. या दहा वर्षांत माझा होस्टेलचा पत्ता बदलला, पीजीचा बदलला, फ्लॅट तीन झाले. बँकेत, गॅस एजन्सीत, ऑनलाइन शॉपिंगच्या अॅपमध्ये सगळीकडे मी पुणेकर. फक्त निवडणूक आयोगाच्या दप्तरी मी अजूनही कर्जत-जामखेड मतदारसंघाची रहिवासी.

२०१९ ला मी गेले होते. तेव्हा नव्याची नवलाई होती, शिवाय दिवाळी आठवड्यावर आली होती. २०२४ ला मात्र आयोगानं मुद्दाम बुधवार निवडला. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी मिळाली, की आपण शहरातले लोक मतदान केंद्राऐवजी लोणावळा-अलिबाग गाठतो, हे त्यांनाही कळून चुकलंय. आयडिया चांगली होती. पण गुरुवारी सकाळी क्लायंटला प्रेझेंटेशन द्यायचं असलेल्या फ्रीलान्सरवर आयोगाकडे औषध नव्हतं.

वाकडेवाडीहून एसटी पकडली, की नगर, कडा, आष्टी करत जामखेडला पोचायला पाच तास. परत यायला पाच. एक बटण दाबायला दहा तास? माझ्या चुलतभावानं, म्हणजे दादानं 'चलो जामखेड' नावाचा ग्रुप काढून भाड्याची अर्टिगा ठरवली होती. प्रत्येकी सहाशे रुपये कॉन्ट्री. (हो, आपल्याच खिशातून! मतदारांना केंद्रापर्यंत न्यायला उमेदवारानं फुकट गाडी लावणं हा कायद्यानं निवडणुकीतला भ्रष्ट प्रकार आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय.) सात सीटची गाडी. सहा जण पक्के, सातवी मी.

आदल्या रात्री पप्पांचा फोन आला.

"येतेस ना?"

"पप्पा, प्रेझेंटेशन आहे हो परवा. आणि एका मतानं काय होतंय?"

"बरं. कामाचं बघ मग."

वडिलांचं हे 'बरं' तुम्हाला माहीत असेलच. त्याच्यापुढे भांडण परवडलं.

शनिवारचा सिनेमा

शनिवारी, २३ तारखेला, निकाल. आमच्या फ्लॅटवर फुल माहौल! मिसळ मागवलेली, टीव्ही चालू, तीन लॅपटॉप उघडे. आम्ही सात जण. सगळे शिकलेले, सगळे टॅक्स भरणारे आणि राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघावर बोलू शकणारे. मी गंमत म्हणून विचारलं, "मत कुणी कुणी दिलंय?" सातात दोन हात वर आले. त्यातला एक हात घराखालच्याच शाळेत जाऊन आलेला. बाकीच्यांची नावं सोलापूर, अकोला, नाशिक आणि एकाचं तर कुठे आहे हे त्यालाच माहीत नाही.

मोजणीची मोठी स्टोरी तर दुपारच्या आतच संपली. जून २०२४ मध्ये लोकसभेला महाविकास आघाडीनं ४८ पैकी ३० जागा घेतल्या होत्या आणि महायुती १७ वर अडकली होती. त्यानंतर सहा महिनेही झाले नव्हते आणि चित्र पार उलटंपालटं! २८८ च्या सभागृहात बहुमताला १४५ लागतात. एकट्या भाजपच्या १३२ आल्या. एकनाथ शिंद्यांच्या शिवसेनेच्या ५७, अजित पवारांच्या राष्ट्रवादीच्या ४१. तिघांची बेरीज २३०. समोर उद्धव ठाकऱ्यांची शिवसेना २०, काँग्रेस १६, शरद पवारांची राष्ट्रवादी १०. विरोधी पक्षनेतेपदासाठी परंपरेनं सभागृहाच्या दहा टक्के, म्हणजे २९ जागा लागतात. तो आकडा विरोधातल्या एकाही पक्षाला गाठता आला नाही. ५ डिसेंबरला आझाद मैदानावर देवेंद्र फडणवीसांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली.

मिसळ संपायच्या आत आमच्या टेबलावर निष्कर्षही तयार झाला. "लाडकी बहीण! बाकी काही नाही. पैसे वाटले, मतं घेतली. लोक विकले गेले."

हे बोलणारा आमचा मित्र महिन्याला स्विगीवर किती उडवतो ते मला माहीत आहे. आणि त्यानं मत दिलं नव्हतं, तेही.

मला काकू आठवली. जामखेडची माझी काकू, वय सत्तेचाळीस. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. घरात पैसा यायचा तो काकांच्या हातात आणि जायचा तो काकांच्या हातून. लाडकी बहीण योजनेतले महिन्याला दीड हजार तिच्या खात्यावर यायला लागले. निवडणुकीआधी पाच हप्ते, म्हणजे साडेसात हजार. बँकेत खातं तिचं, मेसेज तिच्या मोबाइलवर. दिवाळीला मी घरी गेले, तेव्हा तिनं माझ्या हातात दोनशे रुपये ठेवले. "माझ्याकडचे आहेत," म्हणाली. 'माझ्याकडचे' हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

आता या योजनेचा तिजोरीवर केवढा बोजा पडला, २,१०० रुपयांच्या आश्वासनाचं काय, विरोधकांनी तर ३,००० कबूल केले होते त्याचं काय, या सगळ्यावर भांडायला जागा आहे आणि भांडायलाच हवं. काकूनं कुणाला मत दिलं ते मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. पण ती चुलीवरचं उतरवून, साडी बदलून, रांगेत उभी राहून मत देऊन आली होती. आणि आम्ही मिसळ खात तिला 'विकली गेलेली' म्हणत होतो. मला त्या क्षणी पाव घशाखाली जाईना.

१,२४३

तिकडे टीव्हीवाले 'लाट', 'सुनामी', 'त्सुनामी' असे शब्द वापरून दमले आणि इकडे माझा मोबाइल वाजायचा थांबेना. कारण लाट सगळीकडे सारखी येत नाही. आमच्या कर्जत-जामखेडमध्ये अटीतटी चालली होती.

ज्यांना बॅकग्राउंड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एका बाजूला राष्ट्रवादीचे (शरद पवार गटाचे) रोहित पवार. दुसऱ्या बाजूला भाजपचे राम शिंदे. चौंडीचे, म्हणजे अहिल्यादेवी होळकरांच्या जन्मगावचे, आमच्याच तालुक्यातले. शिंदे २००९ आणि २०१४ ला इथून निवडून आलेले. २०१९ ला पवारांनी त्यांना ४३ हजारांहून जास्त मतांनी हरवलेलं. त्यामुळे २०२४ ला काय होणार, यावर तालुक्यातल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर पैजा लागल्या होत्या.

चुलत, मावस, आते अशा सगळ्या ग्रुपांवर आकडे पडत होते. हा पुढे, तो पुढे, पुन्हा हा पुढे. पप्पांचा दर अर्ध्या तासाला फोन. शेवटी निकाल लागला. रोहित पवार १ लाख २७ हजार ६७६, राम शिंदे १ लाख २६ हजार ४३३.

फरक १,२४३.

अडीच लाखांवर मतं पडली आणि हिशेब आला बाराशेत्रेचाळीसवर. एका एसटीत पंचेचाळीस माणसं बसतात असं धरा. अठ्ठावीस एसट्या! फक्त अठ्ठावीस! आणि आमचे कर्जत-जामखेडचे लोक पुण्यात किती आहेत? हडपसरला, चिंचवडला, हिंजवडीला, भोसरीच्या कंपन्यांमध्ये? माझ्या एका दहावीच्या वर्गातलीच निम्मी पोरं इथं आहेत. म्हणजे त्या संध्याकाळी जिंकलेल्या आणि हरलेल्या, दोन्ही बाजूंच्या लोकांना रात्रभर एकच प्रश्न छळणार होता. पुण्याहून कोण आलं आणि कोण नाही आलं?

मी नाही आले. अर्टिगातली सातवी सीट रिकामी गेली. दादानं माझ्या वाट्याचे सहाशेही मागितले नाहीत. तेच जास्त लागलं.

आणि हे काही आमच्याच गावचं नवल नाही. मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला. एकशे बासष्ट! तुमच्या सोसायटीच्या गणपतीच्या महाप्रसादाला यापेक्षा जास्त पानं उठतात. साकोलीत काँग्रेसचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष नाना पटोले जेमतेम २०८ मतांनी वाचले. बुलढाण्यात संजय गायकवाड ८४१ नं. पुण्याच्या जवळच आंबेगावला दिलीप वळसे पाटलांसारखा मुरलेला माणूस १,५२३ मतांनी निसटला. मुंबईत माहीमला महेश सावंत १,३१६ नं जिंकले. ज्या मतदारसंघात अमित ठाकरे उभे असल्यानं अख्ख्या राज्याचे कॅमेरे तिकडे लागले होते, तिथे!

राज्याचा निकाल २३० असा एका आकड्यात दिसतो खरा, पण विधानसभेची निवडणूक अशी एक नसतेच मुळी. त्या २८८ वेगवेगळ्या निवडणुका असतात, एकाच दिवशी लागलेल्या. सगळी लाट आपण टीव्हीवर बघतो, पण मत मात्र त्यातल्या एकाच ठिकाणी टाकता येतं.

बाय द वे, २०२४ ला राज्यात मतदान चांगलं झालं. सुमारे ६६ टक्के. २०१९ ला ते ६१ च्या आसपास होतं. १९९५ नंतर एवढं मतदान पहिल्यांदाच. कोल्हापूरजवळच्या करवीरमध्ये तर ८५ टक्क्यांच्या घरात. आणि मुंबईच्या कुलाब्यात? ४५ टक्केही नाही. आमचं कोथरूड कसंबसं पन्नाशीच्या पुढे सरकलं. ज्यांच्याकडे वर्तमानपत्र, वायफाय आणि मतं सर्वात जास्त, त्यांचीच मतपेटी सर्वात हलकी!

फॉर्म नंबर आठ

अपराधीपणाचा एक फायदा असतो. माणूस गूगल करतो. त्या आठवड्यात मी बसून सगळे नियम वाचून काढले. मला कळलेल्या गोष्टी तुम्हालाही सांगते, म्हणजे तुमची मॅगी तरी सुखानं खाल.

पहिली गोष्ट. पुण्यात बसून जामखेडचं मत देता येत नाही. टपाली मतदान सैन्यातल्या लोकांना, निवडणूक ड्यूटीवरच्या कर्मचाऱ्यांना, ८५ च्या पुढच्या आजी-आजोबांना, अपंगांना आणि आयोगानं ठरवलेल्या काही अत्यावश्यक सेवांना मिळतं. नोकरीसाठी गाव सोडलेल्यांना नाही. २०२२ च्या डिसेंबरात आयोगानं एक 'रिमोट' यंत्र आणायचं ठरवलं होतं. एकाच यंत्रावर ७२ मतदारसंघांची सोय. २०१९ च्या लोकसभेला देशातल्या ३० कोटी लोकांनी मतच दिलं नाही, हा आकडा तेव्हा आयोगानंच पुढे केला होता. पण जानेवारी २०२३ मध्ये सगळ्या पक्षांना डेमोसाठी बोलावलं आणि विरोधी पक्षांनी शंकांचा पाऊस पाडला. त्यानंतरच्या लोकसभेला आणि आपल्या विधानसभेला ते यंत्र काही दिसलं नाही.

दुसरी गोष्ट. मतदानाची पगारी सुट्टी हा तुमचा हक्क आहे, बॉसची मेहेरबानी नव्हे. आणि तुमचं नाव दुसऱ्या गावच्या यादीत असलं तरी, त्या गावात मतदान असेल त्या दिवशी ती मिळते. एचआरला नम्रपणे सांगा.

तिसरी गोष्ट, आणि इथे मी चरकले. कायदा म्हणतो, की तुम्ही जिथे 'सर्वसाधारणपणे राहता' तिथेच तुमचं नाव हवं. गावात वडिलांचं घर आहे, शेत आहे, सणाला जाता, एवढं पुरत नाही. दोन ठिकाणी नाव ठेवणं तर चालतच नाही. खोटं लिहून दिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे दहा वर्षं पुण्यात राहून जामखेडच्या यादीत असणारी मी काही फार मोठी भूमिकन्या नव्हते. मी फक्त आळशी होते.

याच याद्यांवरून पुढे राज्यात केवढा धुरळा उडाला ते आठवत असेल. लोकसभेला राज्यात साधारण ९ कोटी ३० लाख मतदार होते, विधानसभेला ९ कोटी ७० लाख. एवढी वाढ कशी, हा विरोधकांचा सवाल. सगळं नियमानुसारच, हे आयोगाचं उत्तर. त्या भांडणात मी पडत नाही. पण यादीवर चर्चा करणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी यादीतलं स्वतःचं नाव शेवटचं कधी तपासलं होतं? प्रामाणिकपणे सांगा हं!

तर उपाय एकच. फॉर्म नंबर आठ. पत्ता बदलला की हा भरायचा, आयोगाच्या वेबसाइटवर किंवा अॅपवर. पहिल्यांदाच नाव घालत असाल तर फॉर्म सहा. नवीन पत्त्याचा पुरावा जोडायचा, मग बीएलओ घरी येऊन खात्री करतात. काही अडलं तर १९५० वर फोन. आणि निवडणूक जाहीर झाल्यावर धावाधाव करू नका. उमेदवारी अर्ज भरायची मुदत संपली, की यादीत नाव घालायचं दार बंद होतं.

पंधरा मिनिटांचं काम. मी तो फॉर्म उघडला आणि दोन महिने उघडाच ठेवला.

"नाव काढतेस?"

कारण मध्ये पप्पा होते.

संक्रांतीला घरी गेले, तेव्हा विषय काढला. पप्पांनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे इथलं नाव काढतेस?"

"काढत नाही पप्पा, तिकडे नेते."

"एकच झालं की. रेशनकार्डावरून गेलीस, आता यादीतूनही. मग गावाशी संबंध काय उरला?"

मी कायदा सांगितला. पुण्यात माझ्या गल्लीत कचऱ्याचा ढीग पडतो, पाणी एक दिवसाआड येतं, रस्ता सहा महिने खोदून ठेवलाय, त्यावर बोलायचा हक्क मला कुठून मिळणार, असं बरंच काय काय सांगितलं. पप्पांचा मुद्दा मात्र बिनतोड होता. "तिकडं कोथरूडला मागच्या वेळी कितीनं निवडून आला माणूस?"

मला तोंडपाठ होतं. चंद्रकांत पाटील, १ लाख १२ हजारांहून जास्त.

"आणि इथं?"

"१,२४३."

"मग? तिकडं तुझ्या मताला कोण विचारतंय? इथं एकेक मत सोन्याचं आहे."

खरंच होतं ते. मत मोलाचं ठरावं म्हणून गावी ठेवायचं, की जिथे आपण जगतो तिथे न्यायचं, मग ते एक लाखाच्या ढिगाऱ्यात हरवलं तरी चालेल? आणि खरं सांगू, पप्पांना मताची नव्हतीच चिंता. यादीत त्यांच्या नावाच्या खाली, त्याच घर क्रमांकावर माझं नाव आहे. तेवढ्या एका सरकारी कागदावर मी अजून त्यांच्या घरात राहते.

टीव्हीखालच्या ड्रॉवरमधून त्यांनी एक चिठ्ठी काढली. नोव्हेंबरमध्ये बीएलओनं घरोघर वाटलेली माझी मतदार चिठ्ठी. भाग क्रमांक, अनुक्रमांक, माझं नाव. घडीसुद्धा न मोडलेली. दोन महिने जपून ठेवलेली.

मी गप्प. पप्पा गप्प. कोपऱ्यात आज्जी वाती वळत होती. आज्जीचं वय अठ्ठ्याहत्तर. २० नोव्हेंबरला ती काठी टेकत शाळेपर्यंत चालत गेली होती. तिनं मान वर न करताच तोंड उघडलं.

"माझं नाव पाटोद्याच्या यादीत होतं. लग्न झालं, इथं आलं. कुणी मला इचारलं का, बाई नेऊ का तुझं नाव? तुझ्या आईचंबी तसंच." मग पप्पांकडे बघून, "आन् उद्या हिचं लगीन झाल्यावर तू स्वतःच नेऊन घालशील की नाव दुसऱ्याच्या घरी. तवा नाही वाटायचं काई. पोरगी स्वतःच्या हातानं, स्वतःच्या घरी नाव नेती म्हणती, तर नेऊ दे की."

पप्पा काही बोलले नाहीत. चहा गार झाला होता, तो त्यांनी तसाच पिऊन टाकला.

माझ्या डोक्यात हा विचार कधीच आला नव्हता, खरंच. आपल्याकडे बायकांची नावं पिढ्यान्‌पिढ्या एका यादीतून दुसऱ्या यादीत जातायत आणि त्याला कुणी 'संबंध तुटणं' म्हणत नाही. रीत म्हणतात. आज्जीनं एका वातीत सगळा गुंता सोडवला.

त्याच रात्री जामखेडच्या घरात, पप्पांच्या वायफायवर, मी फॉर्म आठ सबमिट केला. पुराव्याला भाडेकरार जोडला. पुण्यात एक बीएलओ मॅडम घरी येऊन गेल्या. दिवसभर शाळेत शिकवून संध्याकाळी जिने चढत होत्या बिचाऱ्या. त्यांना पाणी दिलं. म्हणाल्या, "स्वतःहून नाव बदलणारे फार कमी भेटतात हो. बहुतेक ठिकाणी कुलूपच असतं."

शाईचं बोट

नवीन पत्त्यावरचं माझं पहिलं मत विधानसभेचं नव्हतं, महापालिकेचं होतं. पुणे महापालिकेत मार्च २०२२ पासून निवडून आलेलं कुणीच नव्हतं, नुसता प्रशासक. जवळजवळ चार वर्षांनी, १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं आणि ते विधानसभेच्या यादीवरूनच. म्हणजे फॉर्म आठ भरला नसता, तर माझ्या गल्लीतल्या कचऱ्यावर मी पुन्हा फक्त इन्स्टा स्टोरीच टाकली असती.

घरापासून सात मिनिटांवरची शाळा. रांगेत पुढे एक आजोबा, मागे एक नाइट शिफ्ट करून आलेली मुलगी, जांभया देत. चार सदस्यांचा प्रभाग, म्हणून चार बटणं. मी एका मतासाठी दहा तासांचा प्रवास टाळला होता आणि इथे दहा मिनिटांत चार मतं!

माझ्या चार मतांनी निकाल फिरला का? मुळीच नाही. इथे १,२४३ ची गोष्ट नाही. ढिगाऱ्यातला एक खडा, बास. पण दुसऱ्या दिवशी कचरा उचलला गेला नाही, तेव्हा वॉर्ड ऑफिसला फोन करताना माझा आवाज जरा वेगळा निघाला. तो फरक मलाच ऐकू आला असेल कदाचित.

मतदान करून बाहेर आले, बोटाचा फोटो काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला. दादानं अंगठा दाखवला. काकूनं हात जोडले. पप्पांचं नुसतंच निळं टिक.

संध्याकाळी फोन आला.

"गर्दी होती का गं?"

"नव्हती फार."

"शाळा लांब आहे का?"

"नाही, सात मिनिटं."

"बरं," पप्पा म्हणाले.

यावेळचं 'बरं' जरा वेगळं होतं. मग थोडं थांबून, "तुझी ती चिठ्ठी मी ठेवलीय हं ड्रॉवरमध्ये. राहू दे."

राहू दे, पप्पा. नाव इकडे आलंय, चिठ्ठी तिकडेच राहू दे.